ड्रिल मशीनच्या टेबलावर जॉब धरायला कोणते क्लॅम्प घ्यावेत?

प्रश्न असा आहे: नाशिकच्या अंबडमध्ये फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. एक १३ मिमीचं बेंच ड्रिल आणि एक २५ मिमीचं पिलर ड्रिल. कामात एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पट्ट्या, अँगल, पॅनेलचे पत्रे, तांब्याचे बसबार (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आणि अधूनमधून एखादा शाफ्ट. आजवर मुलं जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, हातानं किंवा पकडीनं धरत आली आहेत. आता क्लॅम्प घ्यायचे ठरलंय, तर कोणते घ्यावेत आणि किती?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पिलर ड्रिलसाठी टी-नटांसह (टेबलाच्या खाचेत सरकणारे नट) स्ट्रॅप क्लॅम्पचा (जाड पट्टीनं जॉब दाबणारे क्लॅम्प) संच घ्या. बेंच ड्रिलसाठी टेबलाच्या खाचेतून बोल्टनं बसणारे दोन लॉकिंग क्लॅम्प. दोन्ही मशीनला चालेल अशी १०० मिमी जबड्याची एक मशीन व्हाइस (जॉब दोन जबड्यांत धरणारी), पॅरललची (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) एक जोडी आणि यू-क्लॅम्पसह व्ही-ब्लॉकची (गोल जॉब बसवायचे व्ही-खाचेचे ठोकळे) एक जोडी. टॉगल क्लॅम्प (दांडा पाडला की जॉब दाबणारे) सध्या घेऊ नका, एकच जॉब शेकड्यानं यायला लागला की घ्या. सी-क्लॅम्प शॉपमध्ये असतीलच, त्यांना दुय्यम काम द्या.

पण यातलं काहीही विकत घेण्याआधी दोन्ही मशीनच्या टेबलाखाली वाकून पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पिलर ड्रिलच्या टेबलाला बहुधा खरे टी-स्लॉट असतात, वर अरुंद आणि आत रुंद. बेंच ड्रिलच्या टेबलाला मात्र बऱ्याचदा नुसत्या आरपार खाचा असतात, फुलीसारख्या तिरप्या, आणि खालच्या अंगाला बिडाच्या फासळ्या. या फासळ्यांमुळे सी-क्लॅम्पची खालची टोपी सपाट बसत नाही. टेबलाची कडही आतून उतरती असते. वरून आवळताना क्लॅम्प घट्ट वाटतो, पण खाली तो फासळीच्या कोपऱ्यावर टेकलेला असतो. मशीन सुरू झाल्यावर कंपनानं तो मिलीमिलीनं सरकतो आणि सैल पडतो. असं टेबल असेल तर खालून ६ ते ८ मिमी जाडीची, दोन फासळ्यांवर नीट बसेल एवढी पट्टी कापा, तिला मधोमध भोक पाडा आणि बोल्ट खालून त्या पट्टीतून वर काढा. साधा छोटा वॉशर खाचेत वाकतो. ही पट्टी दाब दोन फासळ्यांवर वाटून देते.

टी-स्लॉट असेल तर त्याच्या तोंडाची रुंदी व्हर्नियरनं मोजा. १० मिमीच्या स्लॉटला एम ८ (८ मिमीचा बोल्ट), १२ ला एम १०, १४ ला एम १२ आणि १८ ला एम १६ अशी जोडी ठरलेली आहे. जुन्या मशीनवर इंची माप निघतं, तेव्हा अंदाजानं संच आणू नका. टी-नट स्लॉटमध्ये हातानं सरकला पाहिजे, पण आडवा फिरता कामा नये.

जॉबला नेमकं कशापासून धरायचं?

ड्रिल जॉबला खाली दाबतं, मग क्लॅम्प कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. भोक पडत असताना जॉबवर दोन जोर असतात. एक खाली दाबणारा, तो टेबल पेलतं. दुसरा जॉबला फिरवणारा. एमएसमध्ये १० मिमीचं ड्रिल, फेऱ्याला ०.२ मिमी फीड (एका फेऱ्यात ड्रिल आत शिरतं ते अंतर), असं धरलं तर फिरवणारा टॉर्क साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर येतो. केंद्रापासून १०० मिमीवर हात असेल तर हाताला लागणारा जोर पाच-सहा किलोचा. हात एवढं सहज पेलतो आणि म्हणूनच माणूस फसतो.

खरा धोका शेवटच्या दीड-दोन मिलीत असतो. ड्रिलचं टोक खालून बाहेर पडलं की समोरचा विरोध एकदम संपतो. इतका वेळ दाबानं किंचित ताणलेला कॉलम (मशीनचा उभा खांब) आणि टेबलाचा हात सुटतात, त्यामुळे ड्रिल क्षणात पुढे घुसतं. फीड ०.२ मिमीचा न राहता कितीतरी वाढतो. उरलेल्या पातळ कडेत ड्रिलच्या पाकळ्या स्क्रूसारख्या अडकतात आणि जॉब ड्रिलवर चढू लागतो. म्हणजे आता जोर खाली नाही, वर आहे, आणि फिरवणारा टॉर्क मोटर देऊ शकते तेवढा आहे. १ एचपीची मोटर ४०० आरपीएमवर असेल तर नेहमीच्या लोडला सुमारे १८ न्यूटन-मीटर होतात. अडकून थांबताना मोटर याच्या दुपटीच्या आसपास देऊ शकते, शिवाय फिरत्या पुलीचा आणि चकचा (ड्रिल पकडणाऱ्या भागाचा) वेग असतोच. त्याच १०० मिमीवर आता पस्तीस-चाळीस किलोचा झटका आहे, तोही सावध होण्याआधी. हातातून सुटलेल्या पट्टीचं टोक केंद्रापासून ३०० मिमीवर असेल तर ४०० आरपीएमला ते ताशी ४५ किलोमीटरनं फिरतं.

म्हणून क्लॅम्प निवडताना दोन गोष्टी विचारायच्या: हा जॉबला फिरू देत नाही ना, आणि हा जॉबला वर उचलू देत नाही ना? नुसता अडसर लावला तर फिरणं थांबतं, उचललं जाणं थांबत नाही. जाड, जड जॉबला अडसर पुरतो. पत्र्याला आणि पातळ पट्टीला कधीच पुरत नाही.

अडसर लावायचाच तर कुठे? स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं. समोर उभं राहिल्यावर जॉबचं डावं टोक आपल्यापासून दूर, कॉलमकडे जायला बघतं आणि उजवं टोक आपल्या पोटाकडे येतं. म्हणून लांब जॉबची लांब बाजू नेहमी डावीकडे ठेवा आणि तिच्या मागे कॉलम किंवा स्लॉटमध्ये उभा आवळलेला बोल्ट असू द्या. क्लॅम्प सैल पडलाच तरी जॉब अर्धा इंच सरकून थांबतो. लांब बाजू उजवीकडे ठेवणं ही ड्रिलिंगमधली सर्वांत महागडी सवय आहे आणि ती बदलायला एक पैसा लागत नाही.

स्ट्रॅप क्लॅम्प: बोल्ट कुठे, ठोकळा केवढा

पिलर ड्रिलवर याला पर्याय नाही. बाजारात ५८ नगांचा संच मिळतो: सहा स्ट्रॅप, दात असलेले बारा स्टेप ब्लॉक, सहा टी-नट, सहा फ्लँज नट, चार जोड-नट आणि सहा लांबींचे मिळून चोवीस स्टड (डोकं नसलेले, आटे असलेले बोल्ट). तुमच्या कामाला यातलं अर्धं रोज लागेल, उरलेलं कधीमधी. तरी संच घ्या, कारण सुटे भाग जमवताना नेमक्या लांबीचा स्टड हाताशी नसतो आणि मुलं मिळेल तो स्टड लावतात.

स्ट्रॅप म्हणजे तरफ आहे. पुढचं नाक जॉबवर, मागचं टोक ठोकळ्यावर, मध्ये बोल्ट. बोल्टचा जोर या दोघांत वाटला जातो आणि बोल्ट ज्याच्या जवळ त्याला जास्त वाटा मिळतो. बोल्ट जॉबपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर दोन तृतीयांश जोर जॉबवर येतो. बरोबर मध्ये असेल तर निम्मा. ठोकळ्याला चिकटून असेल तर जॉबला जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी सगळा जोर ठोकळा दाबण्यात वाया. शॉपमध्ये ही चूक रोज दिसते, कारण बोल्ट मागे घेतला की जॉब सरकवायला जागा मोकळी मिळते. मग पाना आणखी जोरात ओढला जातो आणि जॉब तरीही हलतो.

एम १२ चा नट २०० मिमीच्या पान्यानं १५ किलो जोर लावून आवळला तर ३० न्यूटन-मीटर होतात. आटे साधे, हलकं तेल लावलेले असतील तर त्यातून बोल्टला सुमारे साडेबारा हजार न्यूटन, म्हणजे साधारण १२५० किलोचा ताण मिळतो. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे आठशे किलोच्या वर जॉबवर. घर्षण अगदी कमी, एक दशांश धरलं तरी टेबल आणि जॉब यांच्यातच ८० किलोपर्यंतचा जोर सरकण्याला अडवतो. वर सांगितलेला झटका यात आरामात बसतो. म्हणून पाइप लावून आवळायची गरज नाही. पाइप लावला की बिडाच्या स्लॉटचा ओठ तुटतो, आणि तुटलेला ओठ कुणीही पुन्हा भरवशाचा करून देत नाही.

ओठ तुटायचं दुसरं कारण त्याहून लपलेलं आहे. स्टड टी-नटमधून आरपार खाली गेला तर तो स्लॉटच्या तळावर टेकतो. मग नट आवळताना स्टड तळाला ढकलतो, टी-नट वर उचलला जातो आणि दोन्ही ओठ जॅक लावल्यासारखे फाकतात. चांगल्या टी-नटचा शेवटचा आटा मुद्दाम बंद केलेला असतो, त्यामुळे स्टड तिथे थांबतो. स्वस्तातल्या नटांत आटे आरपार असतात. तसे आले तर खालच्या बाजूनं पंचचे दोन-तीन ठोके मारून शेवटचा आटा बसवून टाका.

ठोकळ्याची उंची जॉबपेक्षा एक-दोन मिलीनं जास्त ठेवा, कधीही कमी नाही. ठोकळा कमी उंचीचा असला की स्ट्रॅप मागे झुकतो, जॉबच्या फक्त बाहेरच्या कडेला टेकतो आणि आवळताना जॉबला पुढे ढकलतो. पंचच्या खुणेवर नीट बसवलेलं ड्रिल तेवढ्यात सरकतं आणि दोष ड्रिलला दिला जातो. ठोकळा किंचित उंच असेल तर नाक जॉबच्या आतल्या भागावर दाबतं. फार उंच केला तर नाकाची नुसती धार टेकते आणि खूण पडते. तसं झालं तर स्टेपचा एक दात खाली घ्या. ठोकळ्याऐवजी नटांची चळत, तुटकी कानस किंवा लाकडाचा तुकडा वापरू नका. लाकूड दाबलं जातं आणि पहिल्या भोकानंतर नट सैल सापडतो.

स्टडची लांबी हिशोबानं घ्या. समजा जॉब २५ मिमी, स्ट्रॅप २०, वॉशर ३, नट १८ आणि वर दोन आटे म्हणजे साधारण ४. टेबलाच्या वर ७० मिमी झाले. टी-नटात आणि स्लॉटमध्ये मिळून आणखी १८-२० लागतात. म्हणजे १०० मिमीचा, चार इंची स्टड बरोबर. २०० मिमीचा लावला तर तो वर काठीसारखा उभा राहतो आणि स्पिंडल खाली येताना चक त्याला घासतो किंवा फीडचा दांडा फिरवताना हाताला लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला मीटरवर मिळणारा आटेदार रॉड इथे नको. तो मऊ असतो, ताण आला की लांबतो आणि आटे ओढले जातात. बोल्ट घ्यायचे तर डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेले.

स्ट्रॅप घरी बनवायचे असतील तर जरूर बनवा, फॅब्रिकेशनवाल्याला ते अवघड नाही. पण १० किंवा १२ मिमीची पट्टी घेऊ नका, एम १२ च्या जोराला ती बोल्टपाशी वाकते आणि एकदा वाकलेला स्ट्रॅप नीट टेकत नाही. एम १० साठी ४०×१६ आणि एम १२ साठी ५०×२० ची एमएस पट्टी, लांबी १२५ ते १५०, बोल्टसाठी १२ किंवा १४ मिमी रुंदीची ५० मिमी लांब खाच. दोन टोकांना भोकं पाडून मधला भाग ग्राइंडरनं आणि कानशीनं काढा. नाकाच्या खालच्या बाजूला थोडा फुगीर गोलवा द्या. स्ट्रॅपखाली स्टडवर एक हलकी स्प्रिंग घाला. नट सैल केला की स्ट्रॅप आपोआप वर राहतो, जॉब बदलताना तो हातानं धरावा लागत नाही. ती छोटी स्प्रिंग दिवसभरात बराच वेळ वाचवते, आणि वेळ वाचला तरच मुलं क्लॅम्प लावतात.

हा मुद्दा गंभीरपणे घ्या. भोकाला वीस सेकंद लागत असतील आणि क्लॅम्पला दोन मिनिटं, तर मालक शॉपमधून बाहेर पडला की क्लॅम्प बाजूला पडणार. ज्या कामाला जो क्लॅम्प पटकन लागतो तोच त्या कामाला योग्य, पुरेसा जोर देत असेल तर.

बेंच ड्रिल

इथे भोकं लहान आणि जॉबही लहान. लॉकिंग क्लॅम्प म्हणजे ग्रिप प्लायरसारखा सी आकाराचा, पण एका अंगाला टेबलाच्या खाचेत बसणारा बोल्ट असलेला. मागच्या स्क्रूनं दाब ठरवायचा आणि दांडा दाबला की कट्‌कन लॉक. एमएसमध्ये ८ ते १० मिमीपर्यंत दोन क्लॅम्प पुरतात. टोकाला फिरती टोपी असलेले घ्या, नुसत्या टोकाचे जॉब ओरबाडतात. वेगळ्या जाडीचा जॉब आला की मागचा स्क्रू पुन्हा लावावा लागतो. ते विसरलं तर दांडा सहज बसतो, पण दाब नसतो. दांडा बसताना हाताला जोर लागला पाहिजे, हीच त्याची परीक्षा.

सी-क्लॅम्प वापरताना स्क्रू टेबलाच्या खाली येईल असा उलटा लावा. वर ठेवला तर चकच्या वाटेत येतो. ओतीव बिडाचे हलके सी-क्लॅम्प आवळताना कमानीतून तडकतात. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) घ्या.

चकचा व्यास विसरू नका. १३ मिमीच्या चकचा बाहेरचा व्यास पन्नास मिलीच्या आसपास असतो. लहान ड्रिल लावलं असेल आणि क्लॅम्प भोकापासून ३० मिमीच्या आत असेल तर चक क्लॅम्पवर आदळतो. क्लॅम्प आवळल्यावर मशीन बंद ठेवून स्पिंडल एकदा पूर्ण खाली आणून पाहायचं. हे रोज, प्रत्येक सेटिंगला.

व्हाइस

१०० मिमीच्या व्हाइसचा तळ ग्राइंड केलेला हवा, एका जबड्याला उभी आणि आडवी व्ही-खाच हवी आणि दोन्ही बाजूंना बोल्टसाठी कान हवेत. जॉबखाली पॅरलल ठेवल्याशिवाय आरपार भोक पाडू नका, नाहीतर व्हाइसचा तळ चाळणी होतो. आवळताना हलता जबडा किंचित वर उचलला जातो आणि जॉबलाही उचलतो. म्हणून अर्धवट आवळून जॉबवर नायलॉनच्या किंवा तांब्याच्या हातोडीनं टकटक करा, मग पूर्ण आवळा आणि पॅरलल हातानं हलवून पाहा. हलला तर जॉब टेकलेला नाही, भोक तिरपं येणार. जॉब जबड्याच्या एका टोकाला धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घाला. नाहीतर जबडा तिरका होतो आणि नुसत्या कोपऱ्यानं धरतो.

व्हाइस टेबलाला बोल्टनं आवळावी की मोकळी ठेवावी? यावर वाद होतात आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ६ मिमीपर्यंतच्या ड्रिलला व्हाइस मोकळी, पण डावीकडे अडसराला टेकलेली असेल तर बारीक ड्रिल पंचच्या खुणेत स्वतः बसतं, वाकत नाही, तुटत नाही. आधीच घट्ट आवळली आणि केंद्र अर्ध्या मिलीनं चुकलं तर बारीक ड्रिल वाकूनच आत जातं. ८ मिमीच्या पुढे मात्र व्हाइस आवळलीच पाहिजे. मोठ्या ड्रिलला आधी सेंटर ड्रिल किंवा ४-५ मिमीचं पायलट (आधीचं बारीक भोक) मोकळ्या व्हाइसमध्ये मारा, मोठं ड्रिल त्या भोकात टेकवून ठेवा आणि तसंच व्हाइसचे बोल्ट आवळा.

जॉबनुसार

पॅनेलचा १.६ किंवा २ मिमीचा पत्रा हा सर्वांत धोकादायक जॉब आहे, जाड पट्टीपेक्षाही. तो वाकतो, ड्रिलवर चढतो आणि फिरला की त्याची कड सुरीसारखी चालते. खाली १८ मिमीचा प्लायवुड, वर पत्रा, आणि दोन्ही बाजूंनी भोकापासून ५० मिमीच्या आसपास दोन क्लॅम्प. लांब टोकाला एकच क्लॅम्प लावला तर भोकापाशी पत्रा उचललाच जातो. १० मिमीच्या वरच्या भोकाला साधं ड्रिल न वापरता स्टेप ड्रिल वापरा. त्याला पत्र्यात अडकायला पाकळी नसते. कामाच्या वेळी हातमोजे नकोत, ड्रिल कापडाचा धागा पकडतं आणि हात ओढून नेतं.

तांब्याचा बसबार मऊ आणि चिवट असतो. ड्रिलची धार त्यात स्वतःला ओढून घेते. ऑइलस्टोननं धारेचा पुढचा कोन किंचित मारून घेतला की ओढणं कमी होतं, पितळेलाही हाच उपाय. क्लॅम्पच्या नाकाखाली अॅल्युमिनियमची पातळ पट्टी ठेवा, नाहीतर जोडाच्या जागेवर खूण पडते. टेबल आणि पॅकिंग आधी नीट पुसा. लोखंडाचा चुरा तांब्यात रुततो आणि जिथे विजेचा संपर्क व्हायचा तिथेच गंजतो. बसबारचं काम नेहमीचं असेल तर त्याच्या पॅकिंगच्या पट्ट्या वेगळ्या डब्यात ठेवा.

शाफ्टला आडवं भोक पाडायचं तर व्ही-ब्लॉक आणि यू-क्लॅम्प. व्ही-ब्लॉकही टेबलाला स्ट्रॅपनं आवळा. नुसत्या वजनावर सोडलेला ब्लॉक भोक संपताना शाफ्टसकट फिरतो. केंद्र पाहण्याची सोपी पद्धत: ड्रिलचं टोक आणि शाफ्ट यांच्यात छोटी स्टीलची पट्टी ठेवून टोक हलकं टेकवा. पट्टी आडवी राहिली तर ड्रिल शाफ्टच्या माथ्यावर आहे. एका बाजूला झुकली तर जी बाजू खाली गेली तिकडे ड्रिल सरकलेलं आहे.

पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या मंडपाचे अँगल तुमच्याकडे येत असतील तर तिथे क्लॅम्पआधी टेकू लागतो. ४०×४०×५ चा अँगल मीटरला तीन किलो भरतो. आठ फुटी अँगल टेबलाबाहेर लोंबला तर त्याचं वजन क्लॅम्पला उलटवत राहतं आणि टेबल एका बाजूला झुकतं. टेबलाच्या उंचीचे दोन घोडे डावी-उजवीकडे ठेवा, वर पाइपचा रोलर असेल तर उत्तम. अँगलचा एक पाय टेबलावर सपाट, दुसरा उभा आणि मागच्या बाजूला, बसवलेल्या फेन्सला (सरळ आडव्या आधाराला) टेकलेला. सपाट पायावर एक लॉकिंग क्लॅम्प पुरतो. फेन्सचा लांब भाग स्पिंडलच्या डावीकडे असू द्या, कारण फिरवणारा जोर अँगलला डावीकडे फेन्सवर दाबतो आणि उजवीकडे फेन्सपासून सोडवतो.

अशा कामाची मोठी ऑर्डर आली की टॉगल क्लॅम्पचा विचार करा. १२ मिमीची एमएस प्लेट, मागे दोन डॉवेल (जॉब टेकायच्या पिना), बाजूला एक, वर एक टॉगल, आणि ही प्लेट स्ट्रॅपनं टेबलाला आवळलेली. जॉब ठेवला, दांडा पाडला, भोक, दांडा उचलला. टॉगलवर लिहिलेले ९० किंवा २२७ किलो हे आकडे म्हणजे बंद अवस्थेत तो किती उचल सहन करतो त्याचा अंदाज, तेवढा दाब तो जॉबवर देत नाही. आणि तो आकडा हाताच्या मुळाजवळचा आहे. टोकाला दाबाल तर बराच कमी. टॉगलची मोठी अडचण जाडीची. हॉट रोल्ड पट्टीत अर्ध्या मिलीचा फरक सहज सापडतो. एका तुकड्यावर बेतलेला टॉगल पुढच्या पातळ तुकड्यावर नुसता टेकतो. रबरी टोपीनं हा फरक झाकला जातो, पण रबर उचलीला दबतं. पत्र्याला रबर चालेल, ५ मिमीच्या पट्टीला लोखंडी टोपी लावा आणि दर नव्या बंडलला टॉगलचा बोल्ट तपासा.

चुंबकाचे क्लॅम्प ड्रिलिंगला घेऊ नका. पातळ जॉबला त्यांची पकड कमी मिळते आणि सगळा चुरा तिथेच गोळा होतो.

क्लॅम्प उत्तम असूनही जॉब हलतो तेव्हा दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. कॉलमवरचा टेबलाचा लॉक सैल, म्हणून जॉबसकट टेबलच फिरतं. जॉबखाली एक चिप अडकलेली. पावसाळ्यात गंज नको म्हणून टेबलावर फासलेलं तेल न पुसताच जॉब ठेवलेला. बेल्ट कायम वरच्या वेगाच्या पुलीवर: एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला एमएसमध्ये १० मिमीला ८०० आणि २० मिमीला ४०० आरपीएमच्या आसपास ठेवायचे असतात. आणि ड्रिल बाहेर पडायच्या वेळी दांड्यावरचा हात हलका न केलेला.

खरेदीला जाताना स्लॉटचं मोजलेलं माप आणि चालत असेल तर जुना टी-नट सोबत न्या. सातपूर-अंबडच्या टूल्सच्या दुकानात संच उघडून पाहा. प्रत्येक लांबीच्या एका स्टडवर नट हातानं टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्ये अडला तर तो संच परत ठेवा. दोन स्टेप ब्लॉक एकमेकांत बसवून दात पूर्ण मिटतात का पाहा. टी-नटचा शेवटचा आटा बंद आहे का, स्टड फिरवून बघा. फ्लँज नटाला कोणता पाना लागतो ते तिथेच तपासा, एम १२ ला काहींना १८ लागतो, काहींना १९. तोच रिंग पाना जास्तीचा एक विकत घ्या आणि पिलर ड्रिलच्या कॉलमला हुकवर अडकवून ठेवा.